चक्कीच्या भिंतीवरची चेष्टा

भाऊजी,

काल पिठाच्या चक्कीच्या भिंतीला चुना लावला. तुमचं वाक्य गेलं.

मी शाळेला निघाले होते. रंगारी शिडीवर उभा होता, तोंडात विडी, हातात कुंचला. इतकी वर्षं उन्हापावसाला जे पुसता आलं नाही, ते त्याने विडी संपायच्या आत पुसलं. मी थांबले नाही. थांबले असते तर तिथेच रडले असते, आणि दिराचं तेरावं होऊन आठवडा झाला नाही तोच मास्तरीणबाई भर चौकात रडत होत्या, असा मोहल्ल्याला आणखी एक विषय मिळाला असता. शाळेत गेले, संधी शिकवायला घेतला आणि फळ्यावर उदाहरणं चुकीची लिहिली. वर्गाने बिचाऱ्याने तशीच उतरवून घेतली.

निवडणूक आली आहे. या खेपेला महापौरसुद्धा लोकांनीच निवडायचा आहे. पूर्वीसारखं वॉर्डावॉर्डातून निवडून आलेल्या पार्षदांनी आपापसांत बसून ठरवायचं नाही. त्यामुळे शहरातल्या एकूण एक भिंतीला भाव आला आहे. आणि महापौरपदाला कोण उभं आहे सांगू? ओमप्रकाशजी. हो, तेच. तुम्हाला हरवून पार्षद झाले, मग आमदारकीच्या तिकिटासाठी भोपाळच्या खेपा घालून दमले, आणि आता सगळ्या इंदूरचं भलं करायला निघाले आहेत.

आज संध्याकाळी त्यांचा माणूस घरी आला होता. चपला दाराबाहेर काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, पाणी प्यायला. मग म्हणाला, "भाभीजी, भाईसाहब की बड़ी इच्छा है. चक्की की दीवार पर वसंत भिया का फोटो बनवाएँगे. नीचे लिखेंगे, 'मिल फिर चलेगी, यही था वसंत भिया का सपना.' बस, आप लोगों की हाँ चाहिए."

तुमचे दादा खुर्चीत सरळ होऊन बसले. जन्मभर ट्रेझरीत मान खाली घालून काम केलेला माणूस तो. त्यांनी विचारलं, "फोटो केवढा?"

"आदमकद, बाबूजी. पूरे कद का."

दादांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. तो गेल्यावर दादा म्हणाले, "यात सांगायचं काय आहे? सगळीकडे हरला तो. एकदा तरी भिंतीवर जिंकू दे."

उद्या मला उत्तर द्यायचं आहे आणि ते तुम्हाला विचारल्याशिवाय कसं देऊ? तसं पाहिलं तर तुमच्या हयातीत मी तुम्हाला विचारून कधी काही ठरवलं नाही. आता विचारते आहे.

मी साताऱ्याहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही नुकते कापडाच्या मिलच्या साचाखात्यात लागला होतात. साचा म्हणजे माग, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी आपली मोदकाचा साचा समजत होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही बाहेरून आलात आणि म्हणालात, "वहिनी, आमच्या खात्यातला रामरतन मला बाजारात मिळाला." मी विचारलं, "का, हरवला होता?" तुम्हाला कळेना मी का हसते. मग समजावलं की वस्तू मिळते, माणूस भेटतो. "पण मला तर मिळाला," असं म्हणून तुम्ही पोह्यांवर शेव घालून घेतलीत. तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही चहा 'पिऊन घ्यायचात', तुम्हाला 'हसी' यायची, बत्ती 'गूल' व्हायची, आणि मी जिन्यात, दारात, ताटाशी उभी राहून तुम्हाला दुरुस्त करायची. दुसरा एखादा दीर असता तर तोंडावर सांगितलं असतं की वहिनी, शाळा शाळेत. तुम्ही उलट मोहल्ल्यात सांगत फिरायचात, "आमच्या वहिनीची मराठी एकदम प्युअर आहे."

मी तुम्हाला मराठी शिकवू शकले नाही, पण तुमच्याकडून एक भाषा मात्र शिकले. साचाखात्यात इतका खडखडाट, की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची. तुम्ही ती सवय घरी आणलीत. एकीकडे घरातही मिलमध्ये असल्यासारखं ओरडून बोलायचात, आणि दुसरीकडे मी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज न करता नुसते ओठ हलवले की तुम्हाला सगळं कळायचं. पाहुणे बसलेले असायचे. मी ओठांनी म्हणायची, साखर संपली. तुम्ही "जरा आलोच" म्हणून उठायचात आणि मागच्या दाराने साखर घरात यायची. पुढे पुढे तुम्ही ओठांनी बोललेलं मलाही समजायला लागलं. एकदा तुमच्या आतेबहिणीच्या नवऱ्याबद्दल तुम्ही जे म्हणालात त्याने मला चहाचा ट्रे खाली ठेवावा लागला. दादा विचारायचे, "तुमच्या दोघांच्या ह्या काय खाणाखुणा चालतात?" त्यांना ते कधी जमलं नाही. त्यांना मोठ्याने सांगितलेलंही निम्मंच कळतं.

मग मिलच्या गेटला कुलूप लागलं. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं पेपरात रोज येत होतं, आणि आपल्याकडे एकेक गेट बंद होत चाललं होतं. कुणी पोह्याचा ठेला लावला, कुणी नव्या शोरूमच्या दारात टोपी घालून चौकीदार म्हणून उभा राहिला, रामरतनजी टेम्पो चालवायला लागले. तुमच्यासाठी दोन स्थळं सांगून आली होती, ती न बोलताच परत गेली. कुलूप लागलेल्या मिलच्या माणसाला मुलगी कोण देणार? तुम्ही त्यावर एकदाही काही बोलला नाहीत. मी विषय काढला की ओठांनीच म्हणायचात, जाऊ द्या.

आणि पार्षदाची निवडणूक आली. गेटवरची माणसं घरी आली. रामरतनजी म्हणाले, "वसंत भिया, इस बार तुम खड़े हो जाओ. अपना एक आदमी तो हो अंदर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ओठांनी म्हटलं, उभे राहा. ते ऐकलंत हो माझं.

अपक्ष होतात. निशाणी मिळाली शिडी. बाकीचे सगळे उमेदवार एकच गोष्ट सांगत होते, मिल सुरू करून दाखवू. ओमप्रकाशजी तर भोंग्याची वेळसुद्धा सांगायचे. आणि तुम्ही ते वाक्य काही केल्या म्हणेनात. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, पार्षदाच्या हातात नळ आहे, नाली आहे, गलीतली बत्ती आहे. मिल नाहीये."

"लोकांना नाली नकोय, भाऊजी. मिल हवी आहे."

"म्हणूनच तर खोटं नाही बोलता येत ना."

मी चिडले होते. अजूनही थोडी चिडलेलीच आहे. म्हटलं, सगळे थापा मारतात, तुम्ही एक मारा, आणि निवडून आल्यावर पाच वर्षं खरं वागा. खोटं बोलून का होईना, खरा माणूस आत जाईल. तुम्ही नुसते हसलात. मी ताट जरा जोरातच ठेवलं तुमच्या पुढ्यात. ते भांडण तसंच अर्धं राहिलं, कारण माझ्या वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि मी साताऱ्याला गेले.

परत आले तेव्हा दादा स्टेशनवर घ्यायला आले होते. रिक्षा चक्कीपाशी वळली आणि मला भिंत दिसली. निळ्या रंगात, हातभर अक्षरांत: मिल सुरू करण्याची चेष्टा करणार. आपला वसंता. निशाणी शिडी.

मी हसायला लागले. रिक्षात हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दादा हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी होऊन गेलं आहे.

युनियनच्या सभांमध्ये पुढारी म्हणायचे, हम भरसक चेष्टा करेंगे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तुम्हाला तो शब्द भारदस्त वाटायचा. पण हिंदी लोकांच्या गल्लीत लिहिला असतात तर चाललं असतं. तुम्ही लिहिलात तो मराठी मोहल्ल्याच्या तोंडावर, मराठीत. ओमप्रकाशजींनी तो पकडला. सभेत म्हणाले, "हमारे मराठी भाइयों से पूछो, चेष्टा का मतलब क्या होता है? मज़ाक! गरीब के पेट का मज़ाक उड़ाने निकले हैं." ज्यांनी आयुष्यभर इंदुरी मराठी बोलून घर चालवलं, त्या आपल्याच शेजाऱ्यांना त्या दिवशी अचानक शुद्ध मराठी आठवली. म्हाताऱ्या तुम्हाला बघून दार लावून घेऊ लागल्या. पोरं मागून ओरडायची, चेष्टा भिया, चेष्टा भिया.

मी घरात आल्या आल्या तुम्हाला विचारलं, "कोशिश लिहिलं असतं तरी चाललं असतं. चेष्टा कुठून काढलीत?"

तुम्ही म्हणालात, "कोशिश उर्दू आहे, वहिनी. मराठी लोकांची गली आहे, म्हटलं तुमच्यासारखी प्युअर लिहू."

भाऊजी, या एका वाक्याने मला अजून गलबलून येतं. तेव्हा मी पिशवी तशीच खाली ठेवली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मीच रंगाऱ्याला बोलावलं. तुम्ही, मी आणि तो असे तिघं भिंतीपुढे उभे होतो. मी म्हटलं, मधलं तेवढं पुसा. 'करण्याची चेष्टा' पुसलं की राहतं, मिल सुरू करणार. दोन शब्दांचं काम. रंगारी कुंचला घेऊन तयारच होता.

तुम्ही विचारलंत, "आणि त्या जागी प्रयत्न लिहिलं तर?"

"प्रयत्नाला मत कोण देतं? पुसायचंच आहे तर नीट पुसा."

तुम्ही भिंत परत एकदा वाचलीत. मग म्हणालात, "राहू द्या. ज्यांना हसायचं होतं ते हसून गेले. शब्द चुकलाय माझा, वहिनी, पण खोटा नाहीये. चेष्टा पुसली तर मागे थाप राहील."

रंगारी विडी पेटवून निघून गेला. मी तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि तुम्ही त्या दोन दिवसांत मला ओठांनी एवढं हसवलंत की अबोला धरण्यात अर्थ राहिला नाही.

तुम्ही हरलात. मिलच्या चाळींनी तुम्हाला भरभरून मतं दिली. घात केला तो आपल्याच मोहल्ल्याने. निकालाच्या दुसऱ्या सकाळी मी तुम्हाला चहा द्यायला वर आले तर तुम्ही नव्हता. खालच्या गल्लीतल्या नळाला पाणी येत नव्हतं, तिथे पाना घेऊन बसला होतात. नळ ज्या म्हातारीच्या दारात होता तिने तुम्हाला मत दिलं नव्हतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तिने चहा दिला. तुम्ही तो 'पिऊन घेतलात'.

पुढे सगळी वर्षं तेच. कुणाचं रेशन कार्ड, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या मुलीच्या दाखल्यासाठी नगर निगममध्ये जाऊन बसायचं. ओमप्रकाशजी निवडून आले आणि मिल काही सुरू झाली नाही. नंतर नंतर तर लोकांनी त्यांना विचारणंही सोडलं. गेट उघडायचं ते फक्त अनंत चतुर्दशीच्या आधी, झांकीच्या कामासाठी. बंद मिलची माणसं वर्गणी काढून मिरवणुकीसाठी देखावा उभा करायची, आणि तुम्ही त्या रिकाम्या खात्यात बांबू बांधत म्हणायचात, "बघा, मिल वर्षातून एकदा तर चालतेच." चेष्टा भिया हे नाव तोवर तुमचंच होऊन गेलं होतं. बायका पोरांना सांगायच्या, "जा, चेष्टा भिया को बुला ला." त्यात कुणी हसायचं नाही. हिंदी मुलांना तर त्यात हसण्यासारखं काही आहे हे माहीतही नव्हतं.

मी मात्र अधूनमधून टोचायचीच. म्हणायची, तेव्हा थाप मारली असतीत तर आज निदान थापाड्या आपला असता. एकदा तुम्ही त्यावर म्हणालात, "मग रामरतन मला रोज मिळाला असता ना रस्त्यात. त्याला काय तोंड दाखवलं असतं?"

"भेटला असता," मी म्हटलं.

"तेच ते," तुम्ही म्हणालात. आपलं भांडण त्याच्या पुढे कधी गेलंच नाही.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते आहे, शाळेतून आल्यावर.

सकाळी तो माणूस आला. मी त्याला म्हटलं, "फोटो बनवाइए. लेकिन नीचे उनका ही वाक्य लिखना पड़ेगा. जैसा था, वैसा. मराठी में."

त्याला आठवलं. "वो चेष्टा वाला? भाभीजी, लोग हँसेंगे."

"पहले भी हँसे थे."

"और मिल वाली बात?"

"मिल फिर चलेगी, ये उन्होंने किसी से नहीं कहा. आपके भाईसाहब को कहना है तो अपने नाम से कहें."

तो मनातून वाईट माणूस नसावा. चपला पायात सरकवता सरकवता अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाभीजी, चेष्टा से वोट नहीं मिलते." मला हसू आलं, कारण मी तुम्हाला हेच सांगत आले होते.

तो गेल्यावर दादांनी दार लावलं. मग एकदम बोलले. असे ते कधी बोलत नाहीत. "तुझं काय अडलं होतं गं? फोटो तर लागला असता. रोज बाजारात जाताना मला तो दिसला असता." आणि पुढे म्हणाले, "थापा मार म्हणून त्याच्या मागे लागली होतीस ती तूच ना? मग आता कुठून आलं हे शहाणपण?"

तेव्हा मी त्यांना दवाखान्यातली दुपार सांगितली. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. तुम्ही आणि मी सोडून ती कुणाला माहीत नव्हती, आणि आता तुम्ही नाही.

मिल बंद होऊन एवढी वर्षं झाली, पण तिथल्या कापसाची रुई तुमच्या छातीतून गेली नव्हती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दादा औषधं आणायला खाली गेले होते. मी तुमचा हात धरून मोठ्याने म्हटलं, "बरं होऊन घरी यायचं बरं का, भाऊजी." तुम्ही मास्क जरासा बाजूला केलात. आवाज निघतच नव्हता. ओठ हलले: चेष्टा करीन.

माझी खोड कुठे जाणार? तुमचा जीव जात होता आणि मी तुम्हाला ओठांनी दुरुस्त केलं: प्रयत्न.

तुम्ही मान हलवलीत. नाही. आणि हसलात. मग एखाद्या नव्या कामगाराला शिकवावं तसं सावकाश पुन्हा म्हणालात: चेष्टा.

मग मला कळलं. मी जो अर्थ तुम्हाला जन्मभर शिकवत होते, तो तुम्ही तेव्हा पहिल्यांदा वापरलात. आपण घरी येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. 'येतो' म्हटलं असतंत तर माझी ती दुपार सोपी गेली असती, पण माझ्यासाठीसुद्धा तुम्ही थाप मारली नाहीत. तुम्ही नुसती चेष्टा केलीत, आणि तीही शुद्ध मराठीत. त्या माणसाच्या फोटोखाली मी 'मिल फिर चलेगी' कशी लिहू देणार होते?

दादांना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. तुमच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "कसं म्हणाला तो? मला करून दाखव."

मी म्हटलं, "चेष्टा करीन, असं म्हणाले."

"तसं नाही. आवाज न करता. त्याने केलं तसं."

मी आवाज न करता ओठ हलवले. दादांना काही ओळखू आलं नाही, ते कधी येतच नव्हतं. पण ते पुढे सरकून बसले, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "पुन्हा एकदा कर."